आमची वाटचाल : फोटो आमचा, नाव ‘सोशल मीडिया’चं

सोशल मीडिया नावाच्या फोटोग्राफरला मी आजवर भेटलेलो नाही. माणूस कमालीचा कष्टाळू असावा. पूर येवो, आग लागो, सभेत खुर्च्या उडोत, हा एकाच वेळी सगळीकडे हजर असतो आणि दुसऱ्या दिवशी कितीतरी वर्तमानपत्रांत फोटोखाली त्याचंच नाव असतं. त्याचे भाऊबंदही आहेत : ‘इंटरनेट’, ‘साभार’, ‘संग्रहित’ आणि सगळ्यांत धाकटा ‘व्हायरल’. आमच्या छोट्या संस्थेची निम्मी वाटचाल या कुटुंबाशी झगडण्यात गेली, म्हणून तेवढीच सांगतो. कॅमेरे कोणते घेतले, जागा कधी बदलली, हे सगळ्यांचं थोडंफार सारखंच असतं.

सुरुवात दोघांनी केली, मी आणि माझा मित्र. एक कॅमेरा स्वतःचा, दुसरा उसना. पोटासाठी ओळखपत्रांचे फोटो, समारंभ आणि कंपन्यांच्या मालाचे फोटो. बातमीतले फोटो हौसेपोटी. वर्षभरात हिशेबाचे बारा वाजले, तेव्हा ताई आल्या. आमच्याहून वयानं मोठ्या, पूर्वी एका छापखान्यात हिशेब बघायच्या. फोटोतलं आपल्याला काही कळत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. पुढे जे काही बरं झालं ते बहुतेक त्यांच्यामुळे.

पहिला दणका पुराच्या फोटोनं दिला. पुलाच्या कठड्याला पाणी लागलेलं, पहाटेचा राखाडी उजेड आणि पुलावरून एक माणूस खांद्यावर सायकल घेऊन निघालेला. त्या एका चौकटीसाठी मी दोन तास भिजत उभा होतो. घरी येऊन छोट्या आकारातली प्रत आमच्या पानावर टाकली, उजव्या कोपऱ्यात संस्थेचं नाव. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तो चार कॉलम छापून आला. उजवी बाजू कापलेली. नाव गेलंच, पण सायकलचं पुढचं चाकही गेलं. खरं सांगतो, पैशांपेक्षा मला त्या चाकाचाच राग आला. खाली ओळ : ‘छायाचित्र : सोशल मीडिया’.

मी फोन केला आणि ओरडलो. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. एक, बातमी सगळ्यांची असते. दोन, फोटो तुम्हीच उघड्यावर टाकला होता. तीन, लाखो लोकांनी पाहिला, तुमचीच प्रसिद्धी झाली. फोन ठेवल्यावर मित्र म्हणाला, तिन्ही खोटं वाटतंय, पण उत्तर एकाचंही येत नाही. रात्री आम्ही आमच्या पानावर भलंमोठं संतापपत्र लिहिलं. सहानुभूती भरपूर मिळाली. पैसे मिळाले नाहीत. आठ दिवसांनी वर्तमानपत्रही विसरलं आणि लोकही.

त्या तीन उत्तरांची उत्तरं शोधण्यात पुढचे काही महिने गेले. आम्ही वकील नाही. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की हे भांडण बरंच जुनं आहे. १८८४ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर नेपोलियन सरोनीनं काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या फोटोचा खटला आला होता. एका छपाई कंपनीनं त्याच्या ८५,००० प्रती काढल्या होत्या. फोटो हे यंत्राचं काम, त्यात लेखक, म्हणजे निर्माता, कुठला, असा त्यांचा बचाव होता. बसवणं, पोशाख, प्रकाश, भाव हे सगळं फोटोग्राफरनं ठरवलं, म्हणून लेखक तोच, असं न्यायालयानं म्हटलं. कलाकृतींवरच्या हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, १८८६ चा बर्न करार आज जगातले बहुतेक देश पाळतात. त्यात ‘दिवसाच्या बातम्यां’ना संरक्षण नाही हे खरंच, पण ती सूट बातमीतल्या घटनेला आहे, बातमीसोबतच्या फोटोला नाही. पूल पाण्याखाली गेला हे कुणीही छापावं. तो मी ज्या चौकटीत पाहिला ती चौकट माझी. शिवाय त्या करारानुसार हक्कासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. फोटो काढला की हक्क जन्माला आला. देशोदेशीच्या कायद्यांत चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी सवलती असतात, त्या कमीजास्त असतात, आणि त्यांचं नाव पुढे करून संपादक मंडळी बरंच काही पचवतात, तो भाग वेगळा.

दुसऱ्या मुद्द्याला, म्हणजे ‘तुम्हीच उघड्यावर टाकला’ याला, उत्तर हैतीतल्या एका फोटोग्राफरनं दिलं होतं. १२ जानेवारी २०१० ला तिथे भूकंप झाला. डॅनियल मोरेल यांनी त्याच दिवशी काढलेले फोटो ट्विटपिकवर, म्हणजे ट्विटरवर फोटो टाकायच्या सेवेवर, टाकले. दुसऱ्या एकानं ते उचलून स्वतःचे म्हणून पुढे केले. एएफपी या वृत्तसंस्थेनं ते घेऊन जगभर पाठवले, फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेसमार्फतही गेले, आणि तेही त्या दुसऱ्याच्याच नावानं. चूक कळल्यावर दुरुस्ती निघाली, पण निसटलेला फोटो परत थोडाच येतो! गंमत म्हणजे न्यायालयात आधी वृत्तसंस्थाच गेली, आपण हक्कभंग केलेला नाही हे जाहीर करून घ्यायला. जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की ट्विटरच्या अटींमुळे वृत्तसंस्थेला फोटो वापरायचा परवाना मिळत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूरीनं आठ फोटोंबद्दल सुमारे १२ लाख डॉलर द्यायला लावले. मित्रानं हा आकडा ताईंना मोठ्या उत्साहानं ऐकवला. त्यांनी विचारलं, “वकिलाचे किती झाले असतील? आणि वर्षं किती लागली?” जवळजवळ चार. त्या म्हणाल्या, “मग आपण बिल लावू.”

आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. त्या गंभीर होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं : एखाद्यानं दुकानातून माल नेला आणि पैसे द्यायचे राहिले, तर पहिल्या दिवशी आपण त्याला चोर म्हणत नाही, बिल पाठवतो. शिवी दिली की समोरचा आपला मान वाचवायला लागतो. बिल आलं की ते कुठल्या तरी फायलीत जातं, आणि फायलीत गेलेल्या कागदाचं कुणाला तरी काहीतरी करावं लागतं. छापखान्यात त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं.

पहिली दोन बिलं वाया गेली, कारण आम्ही ती वार्ताहराच्या नावे पाठवली. बिचारा वार्ताहर! त्याला डेस्कवरून रात्री साडेदहाला ‘फोटो पाहिजे’ एवढंच सांगितलेलं असतं. तिसरं बिल प्रकाशकाच्या लेखा विभागाला गेलं, प्रत संपादकांना. त्यात तारीख, आवृत्ती, पान, किती कॉलम, संकेतस्थळावर किती दिवस, नाव लावलं की नाही आणि आमचा नेहमीचा दर. विशेषणं ताईंनी सगळी खोडली. ‘निर्लज्ज’ हा शब्द मी दोनदा घातला होता. सव्वा महिन्यानं पैसे आले, सोबत पत्र नाही, खुलासा नाही. मला तेव्हा विचित्र रिकामं वाटलं. माफी हवी होती. ताई म्हणाल्या, “माफी खात्यात जमा होत नाही.”

यानंतरच्या काळात आमचं काम बदललं. पुरावा गोळा करणं हा कामाचाच भाग झाला. छापील अंकाचं पूर्ण पान ठेवायचं, नुसतं कात्रण नाही. संकेतस्थळावर दिसला तर पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असं पडद्याचं चित्र आधी घ्यायचं, फोन नंतर. कारण फोन केला की फोटो पाच मिनिटांत उतरतो. कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली रॉ फाइल आणि त्याच्या आगेमागेच्या चौकटी कधीही पुसायच्या नाहीत. फोटो आमचाच कशावरून, असं कुणी विचारलं की आम्ही सायकलवाल्याच्या आधीच्या अकरा चौकटी दाखवतो. फोटो उचलणाऱ्याकडे एकच असते. फायलीच्या पोटात, आयपीटीसी म्हणतात त्या फोटोच्या माहितीच्या रकान्यांत, काढणाऱ्याचं नाव, हक्काची ओळ आणि संपर्क भरायचा. कित्येक समाजमाध्यमं तो तपशील पुसून टाकतात हे खरं, पण वर्तमानपत्राच्या डेस्ककडे ईमेलनं गेलेल्या फाइलमध्ये तो टिकतो, आणि मग ‘कुणाचा ते कळलं नाही’ म्हणायची सोय राहत नाही. सोमवारची सकाळ उलट शोधाची : गूगल आणि टिनआयवर आपलेच फोटो टाकून ते कुठे फिरताहेत ते पाहायचं. कंटाळवाणं काम आहे. नव्या मुलांना आवडत नाही.

सगळीकडे यश आलं असं नाही. ज्या संकेतस्थळांना पत्ता नाही, मालक नाही, त्यांच्या मागे लागणं सोडून दिलं. ‘आम्ही फोटो छापलाच नाही, तुमची पोस्ट फक्त आमच्या पानावर जोडली’ असं एकानं कळवलं. यावर अमेरिकेतल्या न्यायालयांचंही एकमत नाही, म्हणून आम्ही वाद घातला नाही.

एक प्रसंग मात्र अजून सुटलेला नाही. ओळखपत्रासाठी आम्ही एका मुलाचा फोटो काढला होता. काही महिन्यांनी तो अपघातात गेला आणि तो फोटो चार वर्तमानपत्रांत आला. आमची निळसर भिंत, डावीकडून आमचाच दिवा. घरच्यांनीच मोबाइलवरून दिला होता. माझ्या मित्राचं म्हणणं, बिल लावायचं. घरच्यांना नाही, छापणाऱ्यांना. ते त्या पानावर जाहिरातींचे पैसे घेतात. त्यानं एव्हा-मारिया पायनर यांचं उदाहरण काढलं. लहान मुलांचे फोटो काढणाऱ्या ऑस्ट्रियातल्या या फोटोग्राफर. त्यांनी जिचे फोटो काढले होते अशी एक मुलगी १९९८ मध्ये पळवली गेली आणि २००६ मध्ये निसटून आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तेच जुने फोटो पायनर यांच्या नावाशिवाय छापले. युरोपीय न्यायालयानं १ डिसेंबर २०११ ला सांगितलं की साधा व्यक्तिचित्राचा फोटोही, काढणाऱ्याची निवड त्यात उतरली असेल, तर इतर कृतींइतकाच संरक्षित आहे. आणि सार्वजनिक सुरक्षेचं कारण वर्तमानपत्रानं आपल्या मनानं पुढे करायचं नसतं.

मित्राचा मुद्दा पक्का होता. माझ्याच्यानं मात्र त्या फोटोवर बिल क्रमांक घालवेना. आम्ही दोन दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही. शेवटी ताईंनी त्या ओळखपत्राच्या फोटोची पावती काढली. पावतीवर हक्काबद्दल अवाक्षर नव्हतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा हक्क कुणाचा, याबद्दल देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत; काही ठिकाणी लेखी काही ठरलं नसेल तर तो पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे इतके दिवस आम्ही दुसऱ्यांना कागद दाखवत होतो आणि आमच्याच पावतीवर काही लिहिलेलं नव्हतं. बिल गेलं नाही. पावती बदलली. फोटो घरी कसाही वापरा, निधनाच्या बातमीला द्या, बाकी प्रसिद्धीसाठी आम्हाला विचारा. निधनाच्या बातमीत आम्ही नावही मागत नाही. मित्राला हे आजही पटत नाही, आणि तो चुकतोय असं मलाही ठामपणे म्हणता येत नाही.

आता स्वतःची गोष्ट. आमच्या माहितीपत्रकात एका नव्या सहकाऱ्यानं डोंगराचा सुंदर फोटो घातला. कुणी विचारलंच नाही की आपल्यापैकी डोंगरावर गेलं कोण होतं. तीन आठवड्यांनी बिल आलं. नेमकं, थंड, एकही विशेषण नसलेलं, शेजारी आमच्या पानाचं चित्र. ताईंनी त्याच दिवशी पैसे भरले आणि ते बिल पुन्हा पुन्हा वाचलं. मांडणी आमच्याहून चांगली होती. तसा नमुना वापरू का, असं त्यांनी बिल पाठवणाऱ्या बाईंना पत्रानं विचारलं. हो म्हणून उत्तर आलं. आमचं आजचं बिल त्याच नमुन्याचं आहे.

हळूहळू उचलणाऱ्यांतलेच काही गिऱ्हाईक झाले. करार करताना एकानं ‘सर्व हक्क कायमचे’ मागितले, तेव्हा मित्रानं मॅग्नम या फोटोग्राफरांच्याच संस्थेची आठवण काढली. १९४७ मध्ये कापा, कार्तिए-ब्रेसाँ, रॉजर आणि सीमोर यांनी ती संस्था काढली, ती मासिकांकडे जाणारे हक्क फोटोग्राफरकडे राहावेत म्हणूनच. आम्ही ‘एक आवृत्ती, एकदा’ एवढंच लिहून देतो. ‘एकदा’ हा शब्द किती वजनाचा आहे ते लिन गोल्डस्मिथ यांच्या खटल्यात दिसतं. गायक प्रिन्सचा त्यांनी १९८१ मध्ये काढलेला फोटो १९८४ मध्ये एका मासिकानं चित्रकाराच्या संदर्भासाठी ४०० डॉलरना घेतला, एकदाच वापरण्याच्या अटीवर. अँडी वॉरहॉलनं त्यावरून एक नाही, अनेक चित्रं केली. २०१६ मध्ये त्यातलं दुसरंच एक मुखपृष्ठावर आलं. वॉरहॉल यांच्या प्रतिष्ठानला १०,००० डॉलर मिळाले, गोल्डस्मिथ यांना काही नाही, नावही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी कौल गोल्डस्मिथ यांच्या बाजूनं दिला. आमच्या करारात तो शब्द ठळक अक्षरांत असतो.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा पूर आला. मी यावेळी गेलोच नाही, गुडघा दुखतो. त्याच वर्तमानपत्रात, पाचव्या पानावर, तोच पूल, खांद्यावर सायकल घेतलेला तोच माणूस. चाक अजून कापलेलंच. खाली ‘संग्रहित छायाचित्र’. संग्रह कुणाचा, ते लिहिलेलं नव्हतं. पहिल्या वेळचे पैसे मागायची मुदत उलटली असणार, असं वकील म्हणाले. या वेळची नाही. ताईंनी पूर्ण पान बाजूला काढून ठेवलं, अकरा चौकटींची फाइल शोधायला मला सांगितलं आणि पान क्रमांक व कॉलम मोजून बिल लिहायला घेतलं. ‘निर्लज्ज’ घालू का, असं मी विचारून पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.