मोहरी, लिंबू आणि शाळेचं मैदान

सातवी-आठवीच्या मुलांना अणू, रेणू आणि पेशी काढायला सांगा. बहुतेक वह्यांत तीन गोल येतात, मधे एकेक ठिपका. तिन्ही साधारण एकाच मापाचे, कारण पुस्तकात तिन्हींची चित्रं तेवढीच जागा घेतात. एका पठ्ठ्याने तर पेशीभोवती इलेक्ट्रॉन फिरवले होते. व्याख्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ! म्हणून यंदा व्याख्या बाजूला ठेवल्या आणि मापापासून सुरुवात केली.

आधी पेशी, कारण ती बघता येते. कांद्याच्या पाकळीचा आतला पापुद्रा चिमट्याने ओढायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर आयोडिनचा थेंब. सोपं वाटतं, पण पापुद्रा दुमडतो आणि वरची पातळ काच घाईने ठेवली की खाली हवेचे बुडबुडे अडकतात. सूक्ष्मदर्शकातून बघताना त्यांच्या जाड काळ्या कडा इतक्या ठसठशीत दिसतात की "बाई, पेशी सापडली!" म्हणत मुलं तेच वहीत उतरवतात. काच एका कडेवर टेकवून अलगद सोडायची, हे हाताला जमलं तेव्हा कुठे लांबट पेशींच्या ओळी आणि त्यांतली पिवळसर केंद्रकं दिसायला लागली.

अणू या सूक्ष्मदर्शकातून दिसणं शक्यच नाही. मग ठरवलं, सगळंच एक कोटी पट मोठं करायचं. या मापात हायड्रोजनचा अणू होतो राजगिऱ्याएवढा, कार्बन आणि ऑक्सिजनचे मोहरीएवढे. पुठ्ठ्यावर फेविकॉलने एक पिवळी मोहरी चिकटवली, तिला दोन राजगिरे, १०४.५ अंशांच्या कोनात. झाला पाण्याचा रेणू. ग्लुकोजला सहा काळ्या मोहऱ्या, सहा पिवळ्या आणि बारा राजगिरे. (मोहरी बाकावरून पळते. दुप्पट आणा.)

आणि याच मापात पेशी? तांबडी रक्तपेशी असते सुमारे साडेसात मायक्रोमीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशेबात ७५ मीटर. दोरी आणि फक्की घेऊन मैदानात गेलो. रिंगण आखता आखता कबड्डीचं मैदान आत गेलं, खो-खोचे खांबही गेले. पेशीची जाडी कडेला साधारण २० मीटर. हिमोग्लोबिनचा एक रेणू लिंबाएवढा धरला, तर अशी सुमारे २७ कोटी लिंबं या एका पेशीत. मुलं काही वेळ नुसती वर बघत राहिली. प्रत्येक लिंबात लोहाचे अणू मात्र चारच, असं सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "सोमवारची ती निळी गोळी याच्यासाठी का?" हो, याच्यासाठीच. लोहाची गोळी घ्या म्हणून दर आठवड्याला मागे लागावं लागतं, ते त्या दिवशी लागलं नाही.

कांद्याची पेशी आखायचा नाद सोडला. ती सहज तीन किलोमीटर लांब भरली असती, पार फाट्यापर्यंत.

अणूचं केंद्रक दुसऱ्या दिवसावर ठेवलं. त्यासाठी माप बदलावं लागतं: आता फक्कीचं अख्खं रिंगण म्हणजे एकच अणू, आणि त्याचं केंद्रक मधोमध ठेवलेली मोहरी. ही दोन मापं एकाच तासात घेऊ नका, मुलं पार गोंधळतात.