कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबार

आज किनाऱ्यालगतच्या जंगलात मेगापोडचं घरटं पाहिलं. घरटं कसलं, माती-पाचोळ्याचा भलामोठा ढिगारा! पक्षी कोंबडीएवढा, पण अंड्यांवर बसतच नाही. कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर अंडी उबतात, पिल्लू स्वतःच उकरून वर येतं. आईबापांचा पत्ताच नसतो! २००४च्या त्सुनामीत अशी कितीतरी घरटी वाहून गेली. तिकडे बेटाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खचलं.

संध्याकाळी टपरीवर एक काका थेट मराठीत म्हणाले, "कुठले तुम्ही?" १९६९पासून इथे माजी सैनिकांना जमिनी दिल्या, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. काकांचे वडील त्यातलेच. शोंपेन आणि निकोबारी हे इथले आदिवासी मात्र कितीतरी आधीपासूनचे. टपरीवर नव्या बंदराची चर्चा रंगली, पण त्यांचं नाव कुणी काढलं नाही. मला खटकलं. चहाचे पैसे काकांनी देऊ दिले नाहीत.