खोड उठून बसलं

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, तेव्हा मी माणगाव तालुक्यात आमच्या गोठ्याचे पत्रे दोरखंडाने आवळत बसलो होतो. त्यातले निम्मे गेलेच. पण किनाऱ्यावर काय झालंय ते आठवडाभराने कळलं, कारण फोनच लागत नव्हते. मग लागायला लागले आणि थांबेचनात. एरवी जून म्हणजे माझ्या ट्रॅक्टरला उखळणी-चिखलणीचे दिवस. चेन सॉचं काम दिवाळीनंतरचं. त्या वर्षी सगळं उलटं झालं. भात बाजूला राहिलं आणि मी मामाला घेऊन गावोगाव पडलेली झाडं कापत फिरलो.

मामा म्हणजे सख्खा नव्हे. पन्नाशी उलटलेला, कुऱ्हाडीवर हात बसलेला माणूस. माझं हेल्मेट आणि कानावरचे मफ बघून त्याला दर सकाळी हसू यायचं. "लगीन हाय का काय आज?"

त्या दिवशी आम्ही श्रीवर्धन तालुक्यातल्या एका वाडीत होतो. रोठा जातीच्या सुपारीची जुनी बाग, तिच्यातली निम्मीअधिक झाडं आडवी. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत होते, आम्हीही म्हणायला लागलो. तलाठ्याचा पंचनामा होऊन गेला होता, त्यामुळे झाडांना हात लावायला हरकत नव्हती. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी भिजून गेलेली, वीज नाही, गॅसची गाडी येत नाही. काकूंचं म्हणणं एवढंच, की घरामागचा मोठा रायवळ आंबा आधी कापा, चुलीला लाकूड द्या, सुपारीचं मग बघू. ओला आंबा चुलीत फक्त धूर करतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण पडवीत रचून ठेवला तर निदान गणपतीपर्यंत तरी पेटेल असा त्यांचा हिशोब.

आंबा उतारावर पडला होता. शेंडा खाली, दगडी गडग्यावर टेकलेला. मुळं मातीसकट उपसून वर आलेली, दोन पुरुष उंचीची भिंतच. तिच्यामागे खड्डा. बुंधा दोघांच्या कवेत मावेना. माझ्या चेन सॉची पट्टी बावीस इंची, म्हणजे दोन्ही अंगांनी कापल्याशिवाय पार होणार नव्हता.

सकाळी फांद्या उतरवल्या. त्यातले जाड सोट ट्रॅक्टरने ओढून वर रस्त्यापर्यंत न्यायचे होते, कारण ट्रॉली आत येईना. चौथ्या खेपेला माझी चांगलीच तंतरली. ओंडक्याचं तोंड मातीत रुतत होतं म्हणून मामाने साखळी खालच्या हुकाऐवजी वर, सीटमागे अवजाराची वरची दांडी (टॉप लिंक) बसते त्या जागी अडकवली. मी सीटवर, मागे बघितलं नाही. चढावर ओंडका एका चिऱ्याला अडला, आणि समोरची चाकं जमीन सोडून वर आली. बॉनेट आभाळाकडे. साखळी जेवढी वर बांधाल तेवढा ओढा मागच्या धुऱ्याच्या वरून बसतो, आणि ओंडका हलेना की मागच्या चाकांचा सगळा जोर ट्रॅक्टरलाच उभा करतो. उलटा पडायला दीड सेकंद पुरतो, त्यात विचार करायला वेळ नसतो. माझा डावा पाय आपसूक क्लचवर गेला म्हणून चाकं धपकन खाली आली. कमरेतून कळ निघाली, बाकी काही नाही.

मी खाली उतरलो आणि मामाला नको ते बोललो. वयाने मोठ्या माणसाला बोलू नये, पण बोललो. चूक माझीही होतीच. साखळी कुठे लावली ते चालवणाऱ्याने उतरून बघायचं असतं. तोंड रुततंय तर हायड्रॉलिकने किंचित उचलायचं, किंवा ओंडक्याचं टोक कुऱ्हाडीने गोल करून घ्यायचं. साखळीची जागा खालीच.

मग मी ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊन लावला, चाकांना दगड दिले, किल्ली खिशात टाकली. म्हटलं आज परत याला उतारावर आणायचा नाही. मोठा बुंधा तीन-तीन फुटांचे तुकडे करून जागेवरच फोडू. तसा एकेक तुकडाही शेकडो किलोचा, पण पहार, पाचर आणि घण होते. त्या वेळी हा फार शहाणपणाचा निर्णय वाटला.

दुपारी बुंध्याला हात घातला. शेंड्याकडून सुरुवात. बुंधा दोन टोकांना टेकलेला, मधे अधांतरी. असा असला की वरचं अंग दाबलेलं असतं आणि खालचं ताणलेलं. नुसता वरून कापत गेलात तर फट मिटते आणि पट्टी चावली जाते. म्हणून वरून तिसरा हिस्सा घ्यायचा, बाकी खालून वर. उभं राहायचं ते उताराच्या वरच्या अंगाला, तुकडा सुटला तर खाली जाईल, अंगावर येणार नाही. हे सगळं मी नीट केलं. पट्टीचं टोक कशाला लागू दिलं नाही, कारण टोकाच्या वरच्या अंगाला लागलं की मशीन तोंडावर उलटतं. एका जागी ठिणग्या उडाल्या. आत जुना खिळा, त्यावर साल चढलेली. काकू म्हणाल्या, "झोपाळा होता तिथे, मुलांचा." मशीनच्या साखळीचे दात गेले, कानसायला वेळ गेला.

तेवढ्या वेळात मामा मुळांच्या भिंतीमागे सावलीला जाऊन बसला. खड्ड्यातली माती गार होती. त्याने तिथेच जेवणाचा डबा आणि आमचा पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन ठेवला होता. मी कानस मारताना त्याची बिडी दिसत होती. मला काही वाटलं नाही. खरंच नाही वाटलं.

शेवटचा काप मुळांपासून हातभर अंतरावर. मी मशीन सुरू करायच्या आधी काकूंनी पडवीतून हाक मारली, "अहो, चहा घेऊन जा कोणीतरी." मामा उठला, धोतराची माती झटकली आणि वर गेला. मी मफ चढवले.

वरून तिसरा हिस्सा, मग खालून. फट उघडायला लागली, ती नेहमीसारखी हळू नाही. लाकूड कडाडलं ते मफमधूनही ऐकू आलं. मी मशीन सोडून मागे सरलो, आणि समोरचं खोड उठून बसलं. दुसरा शब्दच नाही. आजारी माणूस अंथरुणात उठून बसतो तसं ते मुळांसकट मागे गेलं, खड्ड्यात धप्प करून बसलं. पायाखालची जमीन हादरली. माती खाली बसल्यावर बघतो तर खोड उभं, जिथे वादळाच्या आधी होतं तिथेच, हातभर उंच. खड्डा नावाला उरला नव्हता.

पडलेल्या झाडाचा तराजू असतो. एका पारड्यात बुंधा आणि शेंडा, दुसऱ्यात मुळांना धरून राहिलेली टनावारी माती. शिवाय खालच्या अंगाची न तुटलेली मुळं धनुष्यासारखी वाकलेली. बुंधा कापला की एक पारडं रिकामं. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच एरवी मुळांची भिंत वायररोपने ट्रॅक्टरला बांधून मगच शेवटचा काप घ्यायचो. त्या दिवशी ट्रॅक्टर वर रस्त्यावर होता, सकाळच्या धास्तीने. निदान बुंधा पाच-सहा फूट लांब राखला असता तरी तो कदाचित अडून राहिला असता. पण काकूंना तेवढं लाकूडही हवं होतं, आणि मी ना म्हटलं नाही.

मामा दोन कप घेऊन आला. खोडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. एक कप खाली ठेवला, दुसऱ्यातला चहा पिऊन टाकला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. बिडी काढली, पण पेटवली नाही. "पेट्रोल हाय ना खाली," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी पुढे काम केलं नाही. कॅन खणून काढायचा विषय मी काढला, तर काकू म्हणाल्या, राहू दे, परत त्याला हात लावू नका. पैसे पूर्ण दिले, वर दोन नारळ.

पुढच्या पावसाळ्यात सुपारीची रोपं पोचवायला त्याच वाडीत गेलो होतो. खोडाला तांबूस पालवी आली होती, बकऱ्या खाऊ नयेत म्हणून काकूंनी भोवती काटेरी झाप लावलेले. मामा आता माझ्या मफना हसत नाही, पण स्वतः घालतही नाही. मामी मात्र मी दारात दिसलो की डब्याची आठवण काढते. चार पुडांचा स्टीलचा होता, तिच्या लग्नातला. तो कुठे गेला हे मामाने तिला अजून सांगितलेलं नाही. हरवला म्हणतो.