पोळ्याच्या गर्दीतले फोटो

पोळ्याच्या बहुतेक फोटोंत बैलांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. दोष कॅमेऱ्याचा नसतो, उभं राहण्याच्या जागेचा असतो. आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानावर, बैलजोड्या तोरणाखाली रांगेनं लागतात आणि सगळं गाव रांगेच्या मधोमध जमतं. तुम्ही टोकाला जा. तिथून शिंगं, बाशिंगं, झुली एकामागे एक लागतात आणि पलीकडची गर्दी त्यांच्याआड जाते. पूर्ण आखर हवा असेल तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढा. बैलांच्या मागे मात्र उभे राहू नका.

पोळा भरतो दुपार कलल्यावर, तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं. फ्रेममध्ये पांढरं आभाळ जास्त आलं की मोबाइल त्याच्या हिशेबानं उजेड कमी करतो आणि बैलाचं तोंड काळं पडतं. आभाळ शक्य तितकं कापा. ऊन असेल तर उलटं होतं, पांढरा बैल फटफटीत येतो. अशा वेळी बैलाच्या कपाळावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी जराशी खाली ओढा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर उणे ०.७ ठेवा. बेगड चमकून डाग पडत असेल तर एक पाऊल बाजूला सरका.

झडत्या, म्हणजे पोळ्याची लोकगीतं, म्हणणाऱ्याचा फोटो १/२५० सेकंदाच्या शटर स्पीडला निघतो. बैल मात्र माशांमुळे सारखी मान झटकतात, तिथे किमान १/५०० हवं, नाहीतर शिंगांचे गोंडे पुसट येतात. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत न्यावा लागला तरी न्या. फोटोत दाणे आले तर चालतात, हललेला फोटो मात्र ॲपनं सहसा नीट सुधारत नाही. मोबाइलचा एचडीआर बंद करता येत असेल तर करा. तो अनेक फोटो जोडून एक करतो, त्यात एखाद्या बैलाला चार शिंगं फुटतात! फ्लॅश नकोच, बैल बुजतो.

तोरण तुटतानाचा फोटो सर्वांनाच हवा असतो आणि बहुतेकांचा चुकतो, कारण ते ‘हर हर महादेव’ ऐकून बटण दाबतात. मानाच्या जोडीचा कासरा धरलेला हात पाहत राहा. तो आवळला की १/१००० वर बर्स्ट, म्हणजे सलग भराभर फोटो, सुरू करा.

घरी आल्यावर आधी कडेची अर्धी माणसं कापा, मग सावल्या थोड्या उजळा. रंग वाढवू नका, झुली मुळातच भडक असतात. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारकावे जात नाहीत.