पोटाचं ऑपरेशन, दुखतो खांदा

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आणि शुद्धीवर आल्यावर ठणकत होता उजवा खांदा! आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यामुळे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, डिवचलं जातं आणि त्याची कळ खांद्यात उमटते. काही दिवसांत जाते. मला तरी बरं वाटलं ते हळूहळू चालल्यावर. श्वासनलिकेत नळी घातलेली असते, म्हणून घसाही खवखवतो.

ऑपरेशनच्या सकाळी वैताग आला तो एकाच प्रश्नाचा. नाव काय, कशाचं ऑपरेशन? जो येईल तो विचारणार. पण चुकीच्या माणसावर चुकीची शस्त्रक्रिया होऊ नये म्हणूनच ते विचारतात, तेव्हा न कंटाळता सांगा. जेवण साधारण ६ तास आधी बंद, साधं पाणी बहुधा २ तास आधीपर्यंत चालतं. तरी तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरं. आणि हो, नेलपेंट काढून जा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात.

घरी आल्यावर खोकला आला की पोटावर उशी दाबून धरा. ताप आला, जखमेतून पू आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर फॉलोअपच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.