चार ओळींची शिवण

जुन्या कापडांचे जतन करणे हा माझा गेल्या एकवीस वर्षांचा व्यवसाय आहे. पुण्यात असताना माझ्या टेबलावर बहुतेक पैठण्या, शेले, जरीच्या टोप्या आणि देवघरांतली वस्त्रे येत. लंडनच्या नैर्ऋत्येकडील ज्या छोट्या कार्यशाळेत मी आता काम करते, तिथे चर्चमधले पडदे, पलटणींचे ध्वज आणि घराण्यांत जपलेली बाळंतविड्यासारखी कपडे असतात. विमानाचे कापड म्हणून काही माझ्यासमोर आले ते एकदाच, मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत. त्या दिवसाची नोंद नीट लिहून ठेवावी असे तेव्हापासून मनात होते.

सकाळी साडेनऊच्या सुमारास पंच्याऐंशी ओलांडलेल्या एक बाई आल्या. त्यांचा जन्म किंग्स्टन अपॉन थेम्सचा आणि सारे आयुष्यही तिथेच गेलेले. जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनी एक काचेची चौकट आणली होती. आत साधारण दीड वीत लांबीचा, पिवळट झालेल्या लिननचा तुकडा होता आणि खाली टंकलिखित चिठ्ठी होती: पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमल विमानाच्या पंखाचे कापड. बाईंचे मामा त्या युद्धात हवाई दलात होते, त्यांनी आपल्याच विमानाच्या पंखातून हा तुकडा कापून आणला, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. कापडावर तांबूस डाग वाढत चालले होते, म्हणून चौकट बदलून द्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

किंग्स्टनचे नाव मी लहानपणी माझ्याही मामांकडूनच ऐकले होते. ते नौदलात विमानांच्या देखभालीच्या कामावर होते आणि नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर सी हॅरियर विमानांपाशी काढली. १९८३ मध्ये आपल्या नौदलात आलेली आणि २०१६ च्या मे महिन्यात निवृत्त झालेली ही विमाने किंग्स्टनच्या रचनाकारांनी आखलेली होती. म्हणून इथे राहायला आल्यावर पहिल्याच सुट्टीत मी ते गाव पाहायला गेले. ज्या दगडावर सॅक्सन राजांचा राज्याभिषेक झाला असे परंपरेने मानतात, तो तिथे नगरभवनाबाहेर कुंपण घालून जपला आहे आणि प्रवासी त्याच्यापाशी छायाचित्रे काढतात. मला मात्र रेल्वे स्टेशनजवळचा कॅनबरी पार्क रोड पाहायचा होता.

१९१२ च्या अखेरीस थॉमस सॉपविथ या चोवीस वर्षांच्या वैमानिकाने त्या रस्त्यावरची, नुकतीच बंद पडलेली चाकांच्या स्केटिंगची जागा विमाने बांधण्यासाठी घेतली. स्केटिंगसाठी केलेली ती प्रशस्त, सपाट जमीन त्याच्या फार उपयोगी पडली, कारण विमानांचे आराखडे तिच्यावर खडूने पूर्ण आकारात काढता येत. त्या काळचे विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा, तारांचा ताण आणि वरून कापड. लाकूड तासणारे, वाकवणारे आणि सांधणारे हात होड्या बांधणाऱ्या नदीकाठी मिळत होते. दोनच वर्षांत, १९१४ च्या एप्रिलमध्ये, सॉपविथच्या टॅब्लॉइड विमानाने मोनॅकोला समुद्री विमानांच्या शर्यतीचा श्नायडर चषक जिंकला आणि त्यानंतर काही महिन्यांत युद्ध सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत या कंपनीच्या नोकरीत पाच हजारांहून अधिक माणसे होती, आणि तिच्या आराखड्यांवरून किंग्स्टनमध्ये व बाहेरच्या ठेकेदारांकडे मिळून सोळा हजारांवर विमाने तयार झाली. त्यांपैकी कॅमलच जवळजवळ साडेपाच हजार होती. हरदित सिंग मलिक हे रॉयल फ्लाइंग कॉर्प्समधले, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या तेव्हाच्या हवाई दलातले, पहिले भारतीय वैमानिक कॅमलच उडवीत, हे आपल्याकडे आणखी माहीत असायला हवे.

बाईंना बसवून मी चौकट उघडली. जुनी चौकट करणाऱ्याने कापडाची वरची कड हलक्या पुठ्ठ्याला सरळ डिंकाने चिकटवून टाकली होती. तांबूस डाग त्या पुठ्ठ्यातल्या आम्लाचे होते, विमानाशी त्यांचा काही संबंध नव्हता. असे काम पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण शंभर वर्षे टिकलेले कापड एका पुठ्ठ्याने सडते. मात्र त्या सकाळी माझे लक्ष लगेच दुसरीकडे गेले. कापड मऊ होते. बोटांखाली ते धुतलेल्या टेबलक्लॉथसारखे वळत होते, आणि पंखावरच्या कापडाला तसे वळता येत नाही.

त्याचे कारण सांगायला हवे. पंखाच्या सांगाड्यावर लिननचा अभ्रा चढवला, मागच्या कडेला तो हाताने शिवून बंद केला आणि लांब सुईने प्रत्येक रिबभोवती, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या लाकडी फासळीभोवती, मेण लावलेला दोरा ओवून वरचे-खालचे कापड रिबेला बांधले, की त्यावर डोप नावाचे सेल्युलोजचे रोगण देत. डोप वाळताना आकसते आणि कापड ढोलकीच्या पानासारखे ताणून बसते. त्याखेरीज त्या पंखाला वारा धरता येत नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूचा दाब कमी होतो आणि कापड वर ओढले जाते, म्हणून रिबेवरचे टाके सुटले तर ते फुग्यासारखे फुगून फाटते. वरच्या पृष्ठभागावर उन्हापासून बचाव म्हणून लोहाची गेरूसारखी भुकटी आणि काजळी मिसळलेला तपकिरी-हिरवट थर देत, त्याला पीसी टेन म्हणत. हे काम करणाऱ्यांना त्याची किंमतही मोजावी लागली. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन असे. त्याच्या वाफेने यकृत बिघडून इंग्लंडमधल्या विमान कारखान्यांत कित्येक कामगारांना कावीळ झाली, काही दगावले, आणि त्यानंतर ते द्रावक वगळण्यात आले.

बाईंच्या तुकड्यावर यातले काहीच नव्हते. भिंगाखाली धाग्यांच्या मधल्या जागा मोकळ्या दिसत होत्या, रोगणाची पापडी कुठेही नव्हती, अतिनील प्रकाशात कुठला थर चमकला नाही, आणि रिबेवर ताणून बसलेल्या कापडावर जो दाब उमटतो त्याचीही खूण नव्हती. हे कापड पंखावर कधी चढलेच नव्हते. हे त्यांना कसे सांगावे, या विचारात मी थोडा वेळ काम थांबवले. लोक घरातली वस्तू आणतात तेव्हा तिच्याबरोबर तिची गोष्टही आणतात, आणि त्या गोष्टीला हात लावताना वस्तूला लावतो त्याहून अधिक जपावे लागते.

मग मी शिवण पाहू लागले. तुकड्यावर कडा आत दुमडून जोडलेल्या चार ओळी होत्या, चारही हाताने शिवलेल्या. पहिल्या ओळीतले टाके लहानमोठे होते, एका ठिकाणी दोरा इतका ओढला होता की कापडाला चुण्या पडल्या होत्या. दुसऱ्या ओळीच्या शेजारी सुईच्या रिकाम्या छिद्रांची एक रांग होती. म्हणजे शिवण उसवून पुन्हा घातली होती. तिसरी बरी होती, पण मध्येच वळली होती. चौथी ओळ इतकी सारखी होती की मी ती क्षणभर यंत्राची समजले. तिच्यात ठरावीक अंतरावर एकेक अडकगाठ होती. दोरा कुठे तुटला तर शिवण तिथेच थांबावी, पुढे उसवत जाऊ नये, यासाठी विमानाच्या शिवणीत अशी गाठ मारतात. माझी आजी गोधडी घालताना दर वितीला दोरा असाच अडकवत असे आणि मला सांगे, की टाका वरून कसा दिसतो ते पाहू नकोस, उलटून पाहा.

कापड उलटून पाहायचे तर ते पुठ्ठ्यावरून सोडवायला हवे होते. ओलसर टिपकागदाने डिंक मऊ करीत, पातळ पट्टी घालून, सूतभर जागा मोकळी व्हायला दहा-दहा मिनिटे लागत होती. बाईंना मी तोवर घरी जाऊन यायला सुचवले, पण त्या उठल्या नाहीत. साडेबाराच्या सुमारास कड सुटली. मी तुकडा टिपकागदावर पालथा घातला आणि तिथे पेन्सिलची अक्षरे दिसली. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या डाव्या अंगाला एकाच हाताने, घाईघाईने, इंग्रजीत एकच शब्द तीनदा लिहिला होता: पुन्हा. चौथ्या ओळीपाशी शब्द नव्हता, फक्त बरोबरची खूण होती.

मी बाईंना जवळ बोलावले आणि जे दिसत होते तेवढेच सांगितले. हा तुकडा पंखावरचा नसून शिकाऊ हाताचा नमुना आहे. विमानाची शिवण शिकताना कोणीतरी तो शिवला आणि शिकवणाऱ्याने तपासला. कोणी शिवला हे कापड सांगत नाही. बाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, की मामांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे त्यांच्या आईने, वयाच्या सतराव्या वर्षी सॉपविथकडे पंख मढवण्याच्या खात्यात काम केले होते. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण घरात तिचा उल्लेख कधी फारसा झाला नाही. मामांचे छायाचित्र दिवाणखान्यात होते, पदक कपाटात होते, आणि आईचे कारखान्यातले दिवस दीड-दोन वर्षांचे म्हणून कोणी मोजले नव्हते. युद्धबंदी झाली, विमानांच्या मागण्या रद्द झाल्या आणि अशा हजारो मुली घरी परतल्या. सॉपविथची कंपनीही १९२० मध्ये गुंडाळली गेली. त्याच वर्षी तिच्याच माणसांनी हॅरी हॉकर या वैमानिकाच्या नावाने नवी कंपनी त्याच गावात काढली. तिच्या हरिकेन विमानाचा मागचा भाग आणि सुरुवातीच्या तुकडीचे पंखही कापडानेच मढवलेले होते, म्हणजे हीच शिवण कॅनबरी पार्क रोडवर दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालत राहिली.

त्यानंतर बाईंनी एक प्रश्न विचारला. पडद्याच्या दुमडीतही अशी गाठ मारतात का? मी म्हटले, शिंपी सहसा मारत नाहीत, त्याची गरज नसते. त्या टॅक्सी करून घरी गेल्या आणि चारच्या सुमारास एक जुना सुती पडदा घेऊन परतल्या. तो त्यांच्या आईने शिवलेला होता, माडीवरच्या खोलीत पन्नास वर्षे लागलेला. त्याची खालची दुमड दोन ठिकाणी तुटली होती आणि दोन्ही ठिकाणी ती बोटभराहून जास्त उसवली नव्हती. मी पडदा दिव्याखाली पसरला, नमुन्याची चौथी ओळ शेजारी ठेवली आणि पट्टी लावली. पडद्यावरच्या गाठींमधले अंतर आणि नमुन्यावरच्या गाठींमधले अंतर एकच होते. मी पाच जागी मोजले, बाईंनी स्वतः दोन जागी मोजले.

पेन्सिलची अक्षरे जाऊ नयेत म्हणून ते कापड मी धुतले नाही. फक्त मऊ ब्रशने झाडून, पुठ्ठ्याचा रंग जिथे उतरला होता तेवढ्या भागावर काम केले. नवी चौकट दोन्ही बाजूंनी काचेची आहे, म्हणजे मागची अक्षरेही वाचता येतात. जुनी टंकलिखित चिठ्ठी मी पाकिटात घालून बरोबर दिली, कारण तीही आता त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे. नव्या चिठ्ठीचा मजकूर आम्ही दोघींनी मिळून ठरवला. त्यात मी ‘विमानाच्या पंखाच्या शिवणीचा सराव, किंग्स्टन, १९१७ च्या सुमारास’ एवढे लिहिले, आणि त्याखाली बाईंनी स्वतःच्या अक्षरात आईचे माहेरचे नाव घातले.

उन्हापासून दूर ठेवा, असे मी निघताना सांगितले. त्यांनी जिन्याच्या वळणावर, मामांच्या छायाचित्राखालच्या भिंतीवर जागा नक्की केली होती. तिथे ऊन येत नाही.