आमची वाटचाल: पोपड्यांपासून काळ्या कापडापर्यंत

सुरुवातीला आमच्याकडे दोन ड्रिल मशीन, उसनी परांची आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पोटभाड्याने घेतलेला अर्धा गाळा एवढंच होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पडलेलं प्लास्टर, पावसाळ्याआधीची डागडुजी अशी कामं. खाडीकाठच्या इमारतींत ती कधी संपत नाहीत. पोपडा काढला की गंजून फुगलेली सळई दिसायची, आम्ही वरून प्लास्टर मारायचो आणि दोन-तीन वर्षांत त्याच जागी पुन्हा बोलावणं यायचं. धंद्याला ते बरंच होतं, खोटं कशाला बोलू.

कार्बन फायबरकडे, म्हणजे कॉलमभोवती गोंदाने चिकटवून गुंडाळायच्या काळ्या कापडाकडे, वळलो ते वाशीतल्या एका सोसायटीमुळे. तळाशी पार्किंग, आणि इमारतीच्या मजबुतीच्या ऑडिटमध्ये तिथलेच कॉलम कमकुवत निघालेले. काँक्रीटचं जॅकेट घातलं तर कॉलम प्रत्येक बाजूने १०० मिलिमीटर वाढणार, म्हणजे मधली गाडी रस्त्यावर. कार्बनचा थर जेमतेम एक मिलिमीटर. सेक्रेटरी काकांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. "अहो, या फडक्यावर सात माळे उभे राहणार?" म्हटलं, काका, माळे कॉलमवरच उभे राहतील, हे फक्त त्याला फुगू देणार नाही. यातला धागा नेहमीच्या सळईच्या सात-आठ पट ताण सोसतो, हे त्यांना पटलं की नाही कुणास ठाऊक. गाड्या आत राहणार, हे मात्र लगेच पटलं.

कापड गुंडाळणं हा शेवटचा दिवस. त्याआधीचे पंधरा दिवस ठोकाठोकीचे. सैल काँक्रीट काढायचं, सळईचा गंज घासायचा, खड्डे पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर घातलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने) भरायचे. गंजावर नुसतं कापड चढवलं तर आतला गंज झाकला जातो, थांबत नाही. मग कॉलमचे कोपरे घासून गोल करायचे, कारण धारदार कडेवर हा धागा तुटतो. आमच्याकडचा गवंडी आयुष्यभर कोपरे काटकोनात काढत आलेला. ते गोल करताना त्याचा हातच चालेना.

पहिला फटका रबाळ्याच्या एका कारखान्यात बसला. जुलै महिना, मालकाला घाई, बीम वरवर कोरडा दिसला. आम्ही कापड लावलं. दुसऱ्या दिवशी नाण्याने वाजवलं तर टकटक यायच्या जागी बद्द आवाज. कापड चिकटवणाऱ्या इपॉक्सी गोंदाने ओलीवर धरलंच नव्हतं. सगळं खरवडून पुन्हा केलं, स्वखर्चाने. वर्षभराचा नफा त्या एका बीमला चिकटला. तेव्हापासून ओलावा मोजल्याशिवाय डबा उघडत नाही. पकड तपासायला धातूची चकती चिकटवून ओढून पाहतो. १.४ मेगापास्कलपेक्षा कमी ताणाला सुटली तर काम थांबवतो, आणि तुटलं तर काँक्रीट तुटायला हवं, गोंद नव्हे. उन्हाळ्यात त्रास उलटा. मे महिन्यात मिसळलेलं इपॉक्सी डब्यातच तापून दगड होतं, म्हणून पहाटे सहाला काम सुरू आणि घाणा छोटा.

आता चौकशा भरपूर येतात, पण निम्म्यांना नकार द्यावा लागतो. आपल्याकडे कॉलम भिंतीत लपवायची हौस, त्यामुळे २३० बाय ६०० मिलिमीटर असे चपटे कॉलम सर्रास. आवळून ताकद वाढते ती गोल कॉलमची, चौकोनीची त्याहून कमी. कॉलमच्या छेदाची लांबी रुंदीच्या दुपटीवर गेली की नुसतं गुंडाळून फारसं हाती लागत नाही. भट्टीजवळच्या बीमचंही तेच. साठ-सत्तर अंशांच्या पुढे साधं इपॉक्सी मऊ पडू लागतं. आम्ही नाही म्हणतो, दुसरा कुणी हो म्हणून काम घेऊन जातो. जळफळाट होतो, होत नाही असं नाही.

वाशीच्या त्या कॉलमांवर आता प्लास्टर आणि पिवळा रंग आहे. आमचं काम कुठे दिसतही नाही. पण आम्ही गेलो की काका जिन्याखालच्या कॉलमवरचा एक उघडा राखलेला चौकोन दाखवायला नेतात. तेवढाच भाग त्यांनी रंगवू दिला नाही. खिशातून नाणं काढतात, तिथे वाजवतात आणि आमच्या तोंडाकडे बघतात.